दहावीचं वर्ष, सासूबाईंच्या मालिका आणि हॉलमधली भिंत

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचके फ्लॅट, घरात सहा माणसं: सासू-सासरे, नवरा-बायको, दहावीतला मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. संध्याकाळी साडेसहाला सासऱ्यांच्या बातम्या लागतात, सातला सासूबाईंच्या मालिका सुरू होतात त्या साडेदहापर्यंत. मुलगा बेडरूमचं दार लावून अभ्यासाला बसतो, तरी प्रत्येक डायलॉग आत ऐकू येतो. धाकटी टीव्ही लावल्याशिवाय घास घेत नाही. नवरा अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये आहे. त्याचं म्हणणं, आईबाबांच्या खोलीत दुसरा टीव्ही लावून टाकू. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना वाटतं, दहावी होईपर्यंत केबलच बंद करावी. यातलं काय करावं?

ताई, दोन्ही करू नका. तुमच्या घरातलं निम्मं भांडण माणसांचं नाहीच, भिंतीचं आहे. त्यावर येतोच, पण आधी हे दोन उपाय का नकोत ते सांगतो, कारण दोन्ही मी माझ्या हातांनी करून बसलोय.

मी टीव्ही मेकॅनिक. 1985 साली रविवार कारंजाजवळच्या एका दुकानात सोल्डरिंग करायला शिकलो, पुढे सिडकोत स्वतःचं दुकान टाकलं. ब्लॅक अँड व्हाइट, कलर, केबल, डिश, एलसीडी, एलईडी, सगळं हाताखालून गेलं. किती घरांच्या हॉलमध्ये चपला काढून शिरलो त्याला मोजमाप नाही. डॉक्टर येणार म्हटलं की लोक घर आवरतात. मेकॅनिक येतो तेव्हा टीव्ही बंद पडलेला असतो, सगळे वैतागलेले असतात, आणि कोण कोणावर कशासाठी चिडलंय ते पाच मिनिटांत कळतं.

आता तुमचा उपाय. जानेवारी संपत आला की माझ्या दुकानात धडधाकट टीव्ही दुरुस्तीला यायला लागायचे. संध्याकाळी वडील एकटेच यायचे, काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगायचे, "पोराची दहावी आहे. घरी या, काहीतरी बघितल्यासारखं करा आणि सेट घेऊन जा. पार्ट मुंबईहून यायचाय म्हणून सांगा." मीही जायचो. मागचं झाकण उघडायचो, टेस्टर लावायचो, मान हलवायचो आणि "फ्लायबॅक गेलाय" असं जाहीर करायचो. फ्लायबॅक हा शब्द ऐकला की घरातल्या कोणाची पुढे विचारायची हिंमत होत नसे. मग दोघांनी मिळून तो एकवीस इंची डबा जिन्यावरून खाली आणायचा. दुकानात मागच्या फळीवर असे सेट ओळीने बसलेले असायचे, प्रत्येकावर चिठ्ठी, सिडकोतल्या वसाहतीचं, म्हणजे स्कीमचं नाव घालून: दुसरी स्कीम, पेपर संपल्यावर. चौथी स्कीम, पेपर संपल्यावर.

1996 साली वर्ल्ड कप आपल्याकडेच होता, 14 फेब्रुवारीला सुरू झाला आणि 17 मार्चला संपला. म्हणजे बरोबर अभ्यासाच्या दिवसांत. फळी गच्च भरलेली. दुकानात मॅच लावलेली असायची आणि बाहेर फुटपाथवर पोरांची गर्दी. त्यातला एक सडपातळ पोरगा मॅच सोडून टीव्हीच्या कॅबिनेटकडेच बघत होता. थोड्या वेळाने आत आला. "काका, हा आमचा टीव्ही आहे. कोपऱ्यात ओरखडा आहे ना, तो माझ्या सायकलच्या हँडलचा." माझ्या दुकानातला सेट त्याच दिवशी बिघडला होता आणि मॅच होती म्हणून मी फळीवरचा एक काढून लावला होता. काय बोलणार? "टेस्टिंगला लावलाय" म्हणालो. तो हसला नाही की रागावला नाही. घरी काही बोलला नसावा, कारण त्याचे वडील नंतर पेढे द्यायला आले तेव्हा माझ्याशी नेहमीसारखेच बोलले. पण तो पोरगा रोज मॅचला माझ्या दुकानासमोर उभा असायचा, तेवढं मी बघत होतो.

दुसऱ्या एका घरची आजी पंधरा दिवसांनी स्वतः आली होती. रिक्षाने, एकटी. "पार्ट आला का?" म्हणाली. नाही म्हटल्यावर म्हणाली, "मुंबईहून पायी येतोय का रे तो?" दहावी नातवाची होती आणि संध्याकाळी भिंतीकडे बघत बसायची वेळ तिच्यावर आली होती. पुढच्या वर्षीपासून मी हे काम बंद केलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं, त्या आजीला परत तोंड द्यायची लाज वाटत होती इतकंच.

तेव्हा निदान टीव्ही उचलला की घरातून मॅच जात होती. आज तुम्ही केबल बंद केलीत तर मुलाच्या खिशातल्या मोबाइलवर मॅच, मालिका, गाणी सगळं तसंच राहणार. त्याचं काहीच जाणार नाही. जाणार ते फक्त सासूबाईंचं, कारण मोबाइल त्या फोन घेण्यापुरताच वापरत असणार. पैशांचं म्हणाल तर 2019 मध्ये बेसिक पॅकला जास्तीत जास्त 130 रुपये आणि वर जीएसटी असा हिशेब सुरू झाला होता, पे चॅनेलचे पैसे वेगळे; 130 ची ती मर्यादा 2024 मध्ये उठली. ते बंद करून वाचेल किती आणि घरात अबोला धरला जाईल किती, ते तुमचं तुम्ही मांडा.

आता साहेबांचा उपाय, दुसरा टीव्ही. माझ्या धंद्याला हा बरा. विक्री, वॉल माउंट, वायरिंग, दुसरा बॉक्स, सगळ्यात चार पैसे सुटतात. तरी नको म्हणतो, त्यालाही कारण आहे.

गंगापूर रोडला एका घरी नवा बेचाळीस इंची एलसीडी बसवायला गेलो होतो. जुना एकवीस इंची चालू होता, टाकवत नव्हता. मीच सुचवलं, आजोबांच्या खोलीत लावू. स्प्लिटर टाकला, वायर खिडकीच्या फटीतून आत घेतली. आजोबा खूश. रिमोट त्यांचा, चॅनेल त्यांचं, बातम्या हव्या तितक्या वेळ. नंतर 31 मार्च 2013 ची मुदत आली. सरकारने देशभरातली केबल डिजिटल करायला घेतली होती, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिक होतं, बॉक्सशिवाय काही दिसणार नव्हतं आणि प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स. त्यामुळे त्या घरी परत गेलो. दुपारी एकची वेळ. आजोबा पलंगावर बसलेले, मांडीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर ताट. मी बॉक्स लावत होतो तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. स्वयंपाकघरातून सूनबाईंचा फोन, भात आणू का विचारायला. मधे एक हॉल, वीस पावलं असतील नसतील. हॉलमधला बॉक्स लावताना मी सहज विचारलं, आजोबा इकडे येत नाहीत का? सूनबाई वाईट नव्हती, माया करणारी होती. ती म्हणाली, "आता त्यांचं इथे काही काम नसतं ना."

तेव्हापासून कोणी दुसऱ्या टीव्हीचा पॉइंट काढायला बोलावलं की आधी विचारतो, कोणासाठी. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याच दिवशी लावून देतो, वायरचे पैसेही कमी घेतो. पण चालतंफिरतं माणूस खोलीत गेलं की ते टीव्हीच्या मागोमाग गेलेलं असतं, आणि परत यायला त्याला कारण उरत नाही.

सासूबाई सात ते साडेदहा हॉलमध्ये असतात, म्हणजे त्या तुमच्यात असतात. मालिका बघता बघता भाजी निवडतात, धाकटीवर नजर ठेवतात, दाराची बेल वाजली तर उठतात. हे काम दिसत नाही, पण टीव्ही आत गेला की दिसायला लागेल.

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून सांगतो. 25 जानेवारी 1987 च्या रविवारी रामायण सुरू झालं आणि दीड वर्ष रविवारची सकाळ मेकॅनिकसाठी धास्तीची झाली. साडेनऊला चित्र गेलं तर गल्लीच्या गल्ली दारात. निफाड, दिंडोरीकडचे शेतकरी बारा व्होल्टवर चालणारे छोटे ब्लॅक अँड व्हाइट सेट घ्यायचे आणि लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडायचे. एका ओट्यावर तीस-चाळीस माणसं. पुढे मार्च 2020 मध्ये लॉकडाउनला तेच रामायण पुन्हा लागलं तेव्हा मला फोन आले ते वेगळेच: "काका, आमच्या बॉक्सवर दूरदर्शन कुठल्या नंबरला आहे?" चॅनेल वर्षानुवर्षं घरात येत होतं, कोणी लावून बघितलं नव्हतं. 2015 च्या सिंहस्थात तर मी स्वतः पंचवटीतल्या गिऱ्हाइकाकडे बसून रामकुंडावरचं शाही स्नान टीव्हीवर बघितलं. कुंड चालत दहा मिनिटांवर, पण मधे बॅरिकेड. घरातली सगळी, शेजारची चार, आणि मी, हातात पकड तशीच.

असो. टीव्हीवर काय दाखवतात यापेक्षा घर त्याच्या आजूबाजूला कसं बसतं याची मला जास्त सवय आहे. सिडकोची जुनी घरं तुम्ही बघितली असतील, भिंतीला भिंत लागून. एका घरात मालिका लागली की पलीकडच्या घराला नुसत्या ऐकण्यावर पुरायची. तिथे मी एक प्रकार बघितलाय तो दुसरीकडे नाही बघितला: मुका टीव्ही. नवरा थर्ड शिफ्ट करून येऊन दुपारी झोपलेला, आणि बायको हॉलमध्ये आवाज पूर्ण बंद करून रात्री हुकलेल्या भागाचं रिपीट बघत बसलेली. "कळतं का काही?" म्हटलं तर म्हणायची, "त्यात न कळण्यासारखं काय असतं?" लोडशेडिंगच्या वर्षांत तर बायका मालिकांची वेळ आणि लाइटची वेळ जुळवून स्वयंपाक करायच्या. आजही तुमच्या घरी देवापुढे दिवा, मग पहिली मालिका, दुसऱ्या ब्रेकला कुकर, असंच चालत असणार. म्हणजे टीव्ही घड्याळाचं काम करतोय. घड्याळ काढून ठेवलं तर घर तासन्तास चुकतं. काटे मात्र पुढेमागे करता येतात.

ते असे. सात ते साडेदहा म्हणजे सात मालिका. माझा अनुभव सांगतो, सात मालिका मनापासून कोणीच बघत नाही. दोन जीव ओतून बघतात, दोन बऱ्या वाटतात म्हणून, आणि उरलेल्या आधीची संपली आणि टीव्ही चालूच होता म्हणून. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती, कालचा भाग आणि उद्याची झलक काढली तर नवी गोष्ट वीस मिनिटांच्या आसपास उरते. जाहिरातींना तासाला 12 मिनिटांची मर्यादा नियमातच आहे, आणि ती मर्यादा पुरेपूर वापरलेली असते. शिवाय रात्रीचा भाग बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी परत लागतो. दुपारी दोन ते चार तुमच्या घरात कोणाची परीक्षा नसते.

तेव्हा सासूबाईंना विचारायचं एवढंच: अशा कोणत्या दोन मालिका आहेत, ज्या रात्रीच बघायच्या? त्या दोन त्यांनी निवडायच्या, तुम्ही नाही. आणि हे तुम्ही विचारू नका. तुमच्या मिस्टरांना विचारायला लावा, तेही एखाद्या रविवारी, जेवण झाल्यावर. तोच प्रश्न सुनेने विचारला की "माझा टीव्ही डोळ्यांत खुपतो" असा ऐकू जातो, मुलाने विचारला की सल्लामसलत होते. मला हे कोणी शिकवलं नाही, पण इतक्या घरांत स्क्रू लावता लावता कानावर पडलंय की पैज लावायला तयार आहे.

दोन मालिका ठरल्या की त्या शक्यतो लागोपाठच्या असाव्यात. समजा आठ ते नऊ. तो तास मुलाला अभ्यासातून उठवा. जेवण, गच्चीवर चक्कर, हवं तर आजीशेजारी बसून टिंगल करत मालिका बघू दे. सात ते आठ आणि नऊ ते साडेदहा टीव्ही बंद. अडीच तास सलग शांतता मिळत नसली तरी तुकड्यांत तेवढीच मिळते, आणि दहावीच्या पोराला अडीच तास सलग बसवून दाखवा म्हटलं तर टीव्ही नसलेल्या घरातही बसत नाही. सासऱ्यांच्या बातम्या साडेसहा ते सात आहेत त्या राहू द्या. त्याच बातम्या रात्री परत लागतात हे त्यांनाही माहीत आहे. साडेसहाला लागणाऱ्या बातम्या म्हणजे दिवस संपल्याची त्यांची पावती असते.

धाकटीचं प्रकरण मात्र मी सौम्यपणे घेणार नाही. माझं शिक्षण बेतास बात, पण भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं साधं आहे: दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलेली मर्यादा अशीच आहे. टीव्हीकडे बघत जेवणारं पोर चव घेत नाही आणि पोट भरलेलं त्याला कळत नाही. तोंड उघडायचं, बंद करायचं, मशीनसारखं. मी दुरुस्तीसाठी टीव्ही बंद केला की घास तोंडात तसाच धरून बसलेली मुलं बघितलीत, डोळे काळ्या पडद्यावर. चावायचं असतं हेच विसरलेली.

यातून बाहेर काढायला आठवडा जाईल आणि तो आठवडा त्रासाचा असेल. सासूबाईंना सोबत घ्या, कारण चमचा त्यांच्याच हातात असणार. साडेसातला, टीव्ही बंद असताना, तिला मोठ्यांबरोबर जमिनीवर बसवा. वरण-भात स्वतःच्या हाताने कालवू दे, सांडू दे. पहिले दोन दिवस चार घास खाऊन उठेल. उठू दे. आणि "पटकन संपव, मग कार्टून" हे वाक्य घरातून काढून टाका. त्या वाक्याने जेवण शिक्षा होते आणि कार्टून बक्षीस. आठवड्यानंतरही खाणं अगदीच कमी राहिलं तर तिच्या डॉक्टरांना दाखवा, मेकॅनिकच्या भरवशावर राहू नका.

पिन टाकून चॅनेल लॉक करायचं डोक्यात असेल तर तेही करता येतं, बॉक्समध्ये सोय असते. पण बहुतेकांचा पिन 0000 किंवा 1234 असतो आणि तो पोरांना आईवडिलांच्या आधी माहीत असतो. एका घरी "टीव्ही रोज नऊला आपोआप बंद पडतो" म्हणून तीन फेऱ्या मारल्या. सप्लाय बघितला, बोर्ड बघितला, सगळं ठणठणीत. तिसऱ्या फेरीला सातवीतली नात दारात उभी राहून गालातल्या गालात हसताना दिसली. तिने स्लीप टायमर लावून ठेवला होता, रोज नव्याने. तिला नऊला झोपायचं असायचं. मी घरच्यांना सांगितलं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे.

आता भिंत. तुमच्या हॉलचं मी चित्र न बघताच सांगतो: टीव्ही हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीवर आहे. बिल्डरने पॉइंट तिथेच दिलेला असतो, म्हणून सगळे तिथेच लावतात. ती आतली भिंत बहुतेक फ्लॅटमध्ये चार इंची. आणि हल्लीचे टीव्ही इतके पातळ की पुढे स्पीकरला जागाच नाही, म्हणून स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. जुना डबा टीव्ही समोर बोलायचा, हा भिंतीशी बोलतो. सासूबाई समोरच्या सोफ्यावर, त्यांना डायलॉग नीट ऐकू येत नाहीत म्हणून त्या आवाज वाढवतात, आणि तोच आवाज चार इंचांतून पलीकडे तुमच्या मुलाच्या टेबलावर. ज्याला ऐकायचंय त्याच्यापेक्षा ज्याला ऐकायचं नाही त्याला जास्त ऐकू येतंय.

त्यात वयाचा भाग आहेच. वय झालं की आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. क, त, स असल्या अक्षरांची धार जाते. आवाज येतो, शब्द लागत नाही. मागे धाडधाड पार्श्वसंगीत असेल तर शब्द त्यात बुडतो, मग माणूस आवाज वाढवतं आणि संगीतही वाढतं. म्हणून नुसतं "आई, आवाज कमी करा" म्हणून उपयोग नाही. त्यांना खरंच लागत नाही.

करायचं ते असं. टीव्ही त्या भिंतीवरून काढून शक्य असेल तर बाहेरच्या जाड भिंतीवर न्या, म्हणजे त्याची पाठ बेडरूमकडे येणार नाही. खिडकी बरोबर समोर येत नाही ना ते दुपारी चारला उभं राहून बघा, नाहीतर पडद्यावर खिडकीच दिसत राहते. वास्तूचं विचाराल तर लोक मला आग्नेय कोपरा दाखवायला सांगतात, मी त्यांना उजेड दाखवतो. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला पडद्याचा मध्य यायला हवा. जमिनीपासून साधारण सव्वातीन-साडेतीन फूट. हल्ली फोटोफ्रेमसारखे उंच लावतात, मग मान दुखते आणि दोष उशीला. त्रेचाळीस इंचीला साडेपाच-सहा फुटांचं अंतर भरपूर झालं. टेबलावरच ठेवायचा असेल तर मागून पट्टी मारून भिंतीला बांधा. एलईडीचे पाय अरुंद असतात आणि घरात चार वर्षांचं मूल आहे.

मग एक छोटा साउंडबार घ्या. टीव्हीखाली नाही, सासूबाईंच्या खुर्चीजवळ, स्टुलावर ठेवा, लांब वायर टाकून. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर सेटिंगमधून बंद. आवाज त्यांच्या कानापाशी आला की निम्म्या आवाजात त्यांना जास्त कळतं. सेटिंगमध्ये डायलॉग किंवा क्लिअर व्हॉइस असं काही असेल तर ते लावून बघा. सासूबाईंना हेडफोन द्यायचा सल्ला पुष्कळ जण देतील. मी देत नाही. हेडफोन घातलेली बाई हॉलमध्ये असून नसल्यासारखी होते, आणि मग तुम्ही हाक मारणार, त्यांना ऐकू येणार नाही, आणि त्यावरून वेगळंच सुरू होईल.

एवढं करून घ्याल तेव्हा त्याच माणसाकडून रिमोटचंही काम उरकून घ्या. आजकाल माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्यांत बिघाड नसतोच. पडद्यावर "नो सिग्नल", म्हातारं माणूस घाबरलेलं, आणि झालेलं इतकंच की चुकून सोर्सचं बटण दाबलं गेलंय. टीव्हीचा एक रिमोट, बॉक्सचा एक, आता साउंडबारचा तिसरा. टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंदचं बटण सोडून बाकी सगळ्यांवर चिकटपट्टी मारा. बॉक्सच्या रिमोटवर चॅनेलच्या आणि आवाजाच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा एकेक थेंब टाका. ही युक्ती मला जेल रोडच्या एका आजींनी शिकवली, चष्मा लावायचा कंटाळा येतो म्हणून त्यांनी स्वतःच केलेली. चिकटपट्टी मारल्याने स्मार्ट टीव्हीचे निम्मे फंक्शन गेले म्हणून तुमचा मुलगा कुरकुर करेल. करू दे, दहावी आहे.

खर्च फार नाही. नवा वॉल माउंट लागेलच असं नाही, आहे तोच चालतो. पॉइंट नसेल तर केसिंग पट्टीतून वायर ओढून घ्या, भिंत फोडायची गरज नाही. नवीन जागी रावळप्लग बसला की हाताने ओढून बघा, हलला तर दुसरं भोक पाडायला लावा, लाजू नका. जुन्या भिंतीवर चार भोकं राहतील. व्हाइट सिमेंटने बुजवली तरी रंग जुळत नाही. बहुतेक घरांत तिथे कॅलेंडर लागतं. तुम्हीही लावा, मुलाच्या पेपरच्या तारखा खुणा करून.